होम स्टडी झाली का? दत्तक पालक म्हणून मंजुरी मिळेपर्यंत काय काय करावं लागतं

आमच्याकडे होम स्टडीसाठी, म्हणजे दत्तक मूल मिळण्याआधी घराची आणि घरच्यांची जी पाहणी होते तिच्यासाठी, समाजकार्यकर्त्या ताई यायच्या होत्या, त्या दिवशी सासूबाईंनी पहाटे साडेपाचलाच पुरणाची डाळ शिजत घातली. मी पडदे धुतले होते. नवऱ्याने माळ्यावरचा सगळा पसारा खालच्या काकूंकडे नेऊन टाकला होता आणि हॉलमधल्या ओलीच्या डागावर एक मोठं कॅलेंडर लटकवलं होतं. ताई आल्या, पाणी प्यायल्या, पुरणपोळीला नको म्हणाल्या आणि पहिलाच प्रश्न त्यांनी सासूबाईंना विचारला, "आजी, आपण कुठून आलो असं बाळाने विचारलं तर तुम्ही काय सांगणार?" कॅलेंडरकडे त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही.

आज ओळखीतलं कुणी दत्तकाबद्दल विचारायला आलं की मी आधी हा किस्सा सांगते, मग कागदपत्रांची यादी देते. लोक तयारी करतात ती कॅलेंडर लावण्याची. विचारलं जातं भलतंच.

आमच्या वेळी दत्तकाची २०१७ ची नियमावली चालू होती. खाली जे लिहिलं आहे ते सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या नियमावलीप्रमाणे. शुल्काचे आकडे आणि फॉर्म मधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर एकदा बघून घ्या.

आधी रस्ता कोणता ते ठरवा

मराठीत 'दत्तक' म्हटलं की अजून गादी आठवते. साताऱ्याचं दत्तक नामंजूर, झाशीचं नामंजूर. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळ बडोद्याला गेला आणि सयाजीराव झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंत कोल्हापूरला जाऊन शाहू झाला. गरज गादीची होती, मुलगा नात्यागोत्यातून निवडला जायचा. त्याच काळात पंढरपुरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू झाला होता आणि पुण्यात फुले दांपत्याने एका विधवेचं मूल आपलं केलं होतं. आजचा कायदा या दुसऱ्या वाटेने चालतो. मुलाला घर शोधून द्यायचं आहे, घराला वारस नव्हे. हे मनात पक्कं असलं की पुढचे बरेच नियम जाचक वाटत नाहीत.

कायदे दोन आहेत. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, ज्यात एका कुटुंबातलं मूल दुसऱ्या कुटुंबाला थेट दिलं जातं. दुसरा २०१५ चा बाल न्याय कायदा. अनाथ, सोडून दिलेल्या किंवा आईवडिलांनी रीतसर स्वाधीन केलेल्या मुलांचं दत्तक या दुसऱ्या कायद्याने होतं आणि तो सगळ्या धर्मांच्या लोकांना खुला आहे. त्याच्या आधीच्या बाल न्याय कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. हा सगळा कारभार दिल्लीचं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'कारा', पाहतं. लेखात पुढे जे आहे ते याच रस्त्याचं.

तिसरा रस्ता म्हणून कुणीतरी कानात सांगतंच: अमक्या नर्सिंग होममध्ये एक मुलगी आहे, लग्न झालेलं नाही, बाळ परस्पर मिळेल, जन्मदाखल्यावर थेट तुमचंच नाव. माझ्या आत्याच्या ओळखीतल्या एकाने मला हे चहाच्या टेबलावर सांगितलं होतं, जणू फ्लॅटचं डील. हा गुन्हा आहे. प्रक्रिया टाळून असं मूल घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे देऊन घेतलं तर पाच वर्षांपर्यंत. शिक्षेपेक्षाही वाईट म्हणजे दहा वर्षांनीसुद्धा कुणी दार वाजवलं तर तुमच्या हातात एकही कागद नसतो.

आपण पात्र आहोत का

लग्न झालेलं असो वा नसो, पोटचं मूल असो वा नसो, अर्ज करता येतो. जोडपं असेल तर दोघांची संमती लागते आणि किमान दोन वर्षांचा स्थिर संसार लागतो. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना जोडपं म्हणून नोंदणी करता येत नाही. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कुणीही दत्तक घेता येतं; एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. घरात आधीच दोन किंवा जास्त मुलं असतील तर फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना घर मिळणं अवघड जातं अशा मुलांसाठीच विचार होतो. नात्यातलं किंवा सावत्र मूल घ्यायचं असेल तर ही अट आणि दोन वर्षांची अट लागू नाही.

वयाचं गणित मात्र नीट बसून करा, कारण इथे पुष्कळजण फसतात. जोडप्याच्या दोघांच्या वयाची बेरीज धरतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ च्या आत हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. एकट्या पालकासाठी हीच मर्यादा अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५. शिवाय मूल आणि पालक यांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचं अंतर.

वय मोजतात ते नोंदणीच्या दिवशीचं. नवरा ४३, बायको ४१ म्हणजे ८४. आज नोंदणी केली तर लहान बाळाच्या यादीत. 'यंदा आयव्हीएफची शेवटची फेरी करू आणि मग बघू' म्हणत वर्ष घालवलं की बेरीज एकाने नव्हे, दोनाने वाढते. ८६. यादी बदलली. उपचार थांबवा असं मी कुणालाही सांगणार नाही, पण ही बेरीज फ्रिजवर चिकटवून ठेवा.

तब्येतीचं म्हणाल तर जीवघेणा आजार नसावा, शरीराने-मनाने सक्षम असावं, एवढी अपेक्षा असते. बीपीची गोळी चालू आहे म्हणून कुणी बाद होत नाही. पगाराचा किमान आकडाही नियमात नाही. गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, आणि बालहक्कांच्या प्रकरणात आरोपही नसावा.

नोंदणी आणि कागद

नोंदणी ऑनलाइनच होते, काराच्या पोर्टलवर. कुठल्याही संस्थेत जाऊन 'आमचं नाव लिहून घ्या' असं आता चालत नाही. आमचे एक दूरचे काका अजूनही म्हणतात की त्यांची एका आश्रमात ओळख आहे. ओळखीचा इथे उपयोग नाही, आणि हे फार बरं आहे.

फॉर्म भरल्यापासून तीस दिवसांत कागद अपलोड करायचे. ते पूर्ण झाले तरच नोंदणी पूर्ण, आणि रांगेतला नंबरही तिथूनच. म्हणून उलटं करा: आधी सगळे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, मग फॉर्म उघडा. लागतं ते असं: कुटुंबाचा अलीकडचा फोटो, पॅन कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा, गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचा दाखला, विवाह प्रमाणपत्र (घटस्फोट झाला असेल तर हुकूमनामा, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला), आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची शिफारसपत्रं. एकट्या पालकाला एका नातेवाइकाचं हमीपत्रही द्यावं लागतं की काही बरंवाईट झालं तर मुलाला मी सांभाळीन.

यात लोक अडकतात ते विवाह प्रमाणपत्रावर. आमचं लग्न गावच्या मंगल कार्यालयात झालं, चारशे पानं उठली, पण नोंदणी करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती आता करायची म्हणजे लग्नपत्रिका शोधा, भटजी शोधा, तीन साक्षीदार जमवा. आमची पत्रिका शेवटी मामींच्या ट्रंकेत सापडली, साडीच्या घडीत. दुसरी अडचण नावाची: बायकोच्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, एकीकडे 'कुळकर्णी' आणि दुसरीकडे 'कुलकर्णी'. हे आधीच सरळ करून घ्या.

डॉक्टरांचा दाखला नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडून घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांना नमुना दाखवा. 'फिट' एवढं एका ओळीत लिहून दिलेला दाखला परत येतो. शिफारसपत्रासाठी नगरसेवकाच्या लेटरहेडमागे लागू नका. ज्यांनी तुम्हाला भांडताना आणि आजारपणात पाहिलंय असं कुणीतरी लिहिलेलं बरं.

आवडनिवड लिहिण्याची ती छोटी चौकट

फॉर्ममध्ये विचारतात: मुलगा, मुलगी की कोणतंही? वयोगट? प्रकृती? कोणतं राज्य? दहा मिनिटांत भरून होतं आणि तुमची पुढची तीन-चार वर्षं त्यावर ठरतात.

बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलं, निरोगी बाळ हवं असतं, त्यामुळे सर्वात लांब रांग तिथेच. तीन-साडेतीन वर्षं धरून चाला, जास्तही लागतात. वयोगट वाढवला, राज्याची अट सैल केली, की रांग आखूड होते. पण रांग आखूड व्हावी म्हणून 'विशेष गरजा' वर टिचकी मारू नका. त्या यादीत उपचाराने सुधारणाऱ्या त्रासांपासून आयुष्यभर सोबत राहणाऱ्या व्यंगांपर्यंत बरंच काही येतं. यादी उघडा, बालरोगतज्ज्ञाबरोबर अर्धा तास बसा, कोणत्या गोष्टीला आपल्या गावात उपचार आहेत ते विचारा, आणि मग दोघांनी मिळून ठरवा. ताई घरी आल्यावर याबद्दल हमखास विचारतात. नवऱ्याचं उत्तर एक आणि बायकोचं दुसरं आलं तर अहवालात तसंच लिहिलं जातं.

मोठ्या मुलाबद्दलही तसंच. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःची भाषा असते, आठवणी असतात, कदाचित संस्थेतली एखादी लाडकी मावशी असते. ओडिशातून आलेल्या मुलीला आपलं 'जेवायला ये' समजायलाही आठवडे जातात. जमेल असं वाटत असेल तरच लिहा.

होम स्टडी

नोंदणी झाली की तुमच्या जवळची विशेष दत्तक संस्था किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे तुमचं प्रकरण जातं. त्यांच्या समाजकार्यकर्त्या तुमच्याशी बोलतात, घरी येतात आणि अहवाल लिहितात. सरकारी कागदावर 'गृह अध्ययन अहवाल', बाकी सगळे होम स्टडीच म्हणतात. कागद पूर्ण झाल्यापासून साठ दिवसांत तो व्हायला हवा. आमचा झाला नाही. पहिल्या संस्थेतल्या बाई रजेवर, दुसऱ्या नवीन, फाइल टेबलावर; मी दर सोमवारी सकाळी अकराला फोन करायचे. भांडू नका, पण विचारत राहा, आणि फोनपेक्षा ईमेल बरा, कारण त्याला तारीख असते. होम स्टडीचं शुल्क सहा हजार रुपये आहे. पुढे बाळ घरी येताना पन्नास हजार आणि नंतरच्या प्रत्येक पाहणी भेटीचे दोन हजार. प्रत्येक पैशाची पावती मिळते. पावतीशिवाय 'देणगी' मागणारा कुणी भेटला तर तिथेच थांबा आणि काराकडे तक्रार करा.

ताई दोघांशी एकत्र बोलतात, मग वेगवेगळं. घरात मोठं मूल असेल तर त्याच्याशी, आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशीही. पाच वर्षांवरच्या मुलाची संमतीही लागते. तेव्हा 'सरप्राइज देऊ' म्हणून त्याच्यापासून लपवलं असेल तर ते आधी सांगून टाका. विचारतात काय? लग्न कसं झालं, तुमच्यात भांडण झालं की आधी कोण बोलतं, तुमच्या वडिलांनी तुम्हाला कधी मारलं होतं का, कर्ज किती आहे, दिवसभर बाळ कुणाकडे राहील, सण कुणाच्या घरी करता. माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुम्ही शेवटचं कधी रडलात?" तो म्हणाला, आठवत नाही. ताईंनी ते लिहून घेतलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने दुसऱ्यांदा गर्भ राहिला नव्हता त्या रात्रीचं सांगितलं. ते मलाही माहीत नव्हतं. तो गच्चीवर गेला होता, पाण्याची टाकी बघायला म्हणून.

हे विचारण्यामागे कारण आहे. न झालेल्या बाळाचं दुःख अजून ताजं असेल तर येणारं मूल त्याच्या जागी बसवलं जातं, आणि ते ओझं लहान जिवाला झेपत नाही. उपचार नुकतेच थांबवले असतील तर तसं सांगा. ताई त्यामुळे नकार देत नाहीत. फार तर समुपदेशन सुचवतात, आणि ते घ्यावंच.

आता सासूबाईंचं उत्तर. त्या म्हणाल्या, "सांगायचं कशाला? आमचंच आहे म्हणायचं." ताईंनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "आणि बारावीच्या वर्षी लग्नाच्या पंगतीत कुणी सांगितलं तर?" सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं, आता हा अहवाल कसला येतोय.

तीन आठवड्यांनी ताई परत आल्या. या वेळी पुरणपोळी नव्हती, पोहे होते. सासूबाई आपणहून बोलायला बसल्या. त्यांचा धाकटा भाऊ नवव्या वर्षी शेजारच्या आळीतल्या चुलत्याला दत्तक गेला होता. विधी झाला, नाव बदललं, आणि हा रात्री परसातली भिंत चढून आईकडे भाकरी खायला यायचा. गावात त्याला म्हातारपणीही 'दत्तक गेलेला' म्हणत. "म्हणून मी म्हणते, सांगू नका," त्या म्हणाल्या. ताईंनी मग त्यांना समजावलं की भावाला त्रास झाला तो माहीत असण्याचा नव्हे, चिडवण्याचा आणि तुटण्याचा. बाळ दोन-तीन वर्षांचं असल्यापासून गोष्टीसारखं सांगितलं की त्याला तो धक्का वाटत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या बैठकीला जरूर बसवा. त्यांना बाजूच्या खोलीत पाठवून 'आमच्या घरचे सगळे तयार आहेत' असं सांगणारी जोडपी मला माहीत आहेत. मग बाळ आल्यावर बारशाला कुणी येत नाही.

घर भाड्याचं असलं, वन रूम किचन असलं तरी चालतं. एक खोली गुलाबी रंगवून, पाळणा टांगून ठेवू नका. मैत्रिणीने तसं केलं होतं. त्या बंद खोलीच्या दारावरून तिला पुढची दोन वर्षं रोज जावं लागलं.

काय लपवायचं नाही हेही सांगते. मानसोपचाराची जुनी औषधं, कोर्टात चालू असलेली भाऊबंदकीची केस, आधीचा मोडलेला संसार, दारू. यातलं बरंचसं अडचण ठरतच नाही. लपवलेलं सापडलं की मात्र अडचण होते. आणि एक गोष्ट एकमेकांना विचारून ठेवा: आपल्या दोघांतला खरा उत्साही कोण आणि 'तुझ्यासाठी हो' म्हणणारा कोण? ताईंना ते अर्ध्या तासात कळतं.

मंजुरी, आणि नकार आला तर

अहवाल पोर्टलवर चढतो आणि तुम्हाला पात्र किंवा अपात्र असं कळवलं जातं. वाचायला मागा. आमच्या अहवालात नवऱ्याचं जन्मसाल चुकलं होतं आणि बेरीज दहाने वाढली होती. तीन ईमेलनंतर ते दुरुस्त झालं.

अपात्र ठरवलं तर कारण लिहून द्यावं लागतं, आणि त्याविरुद्ध काराकडे दाद मागता येते. पण आधी कारण थंड डोक्याने वाचा. कधी ते 'घरातल्या सर्वांची तयारी दिसत नाही' इतकंच असतं, आणि त्यावर सहा महिने काम करता येतं.

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही रांगेत इथल्यांइतकंच स्थान आहे. त्यांची होम स्टडी तिथली अधिकृत दत्तक संस्था करते, त्यामुळे पुण्यातल्या आईच्या पत्त्यावरून नोंदणी करण्याच्या भानगडीत पडू नका.

रांगेत असताना

अहवाल तीन वर्षं चालतो, त्यानंतर नव्याने पडताळणी करून घ्यावी लागते. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच संस्थेला कळवा. मधल्या काळात घर बदललं, नोकरी गेली, दिवस राहिले, कुणी वारलं, तर तेही सांगायचं. नोंदणीला दिलेला मोबाइल नंबर आणि ईमेल बदलू नका. साधी सूचना वाटते, पण याच्यामुळे संधी गेलेली माणसं आहेत.

तुमच्यासाठी एखादं बाळ सुचवलं जातं त्याला रेफरल म्हणतात. त्याचा फोटो, त्याची माहिती देणारा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसतात आणि ४८ तासांत ते बाळ आपल्यासाठी राखून ठेवायचं की नाही ते कळवावं लागतं. एकूण तीन रेफरल मिळतात. राखलं की संस्थेत जाऊन बाळाला भेटायचं, हवं तर आपल्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, सह्या करायच्या आणि दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आणायचं. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्ट द्यायचं, १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्याने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी ताई पाहायला येतात.

म्हणून होम स्टडी झाल्यापासूनच तीन गोष्टी तयार ठेवा: वैद्यकीय अहवाल वाचून समजावेल असा बालरोगतज्ज्ञ, ऑफिसमध्ये दत्तक रजेबद्दल आधी विचारून ठेवलेलं उत्तर, आणि दोन दिवसांत निघता येईल इतके बाजूला ठेवलेले पैसे.

आमचा मेसेज आला तेव्हा नवरा जत्रेसाठी गावी गेला होता, डोंगरात रेंज नव्हती. ४८ तासांतले अकरा तास त्याला गाठण्यातच गेले. शेवटी पालखीच्या रांगेत असलेल्या सरपंचांच्या फोनवर तो सापडला. ताईंनी मला बजावून ठेवलं होतं, मेसेज आला की पहिला फोन डॉक्टरांना. मी पहिला सासूबाईंना केला, मग डॉक्टरांना.